सदतिसाव्या बरणीचा रंग

माणसाचा चेहरा मेहबूबच्या लक्षात राहत नसे. त्या चेहऱ्यावर चढवलेला रंग मात्र तो वीस वर्षांनीही बिनचूक सांगे. “तो राजाचं काम करायचा, तो कोण रे?” असं कुणी विचारलं की हा नुसता डोकं खाजवी. मग एकदम डोळे लकाकत. “हां, तो होय. पिवळ्या पिवडीत चिमूटभर लाल हिंगूळ. डाव्या गालावर देवीचे व्रण, तिथं सफेदा दोनदा लावावा लागायचा.”

तीस वर्षं त्यानं एका नाटक कंपनीच्या रंगपटात काढली. मिसरूड फुटलेल्या पोरांच्या राण्या केल्या, अर्धपोटी नटांचे कुबेर केले. पडदा वर गेला की त्याचं काम संपायचं. मग तो विंगेत उभा राहून आपल्या रंगांवर उजेड कसा पडतो तेवढं बघायचा. नाटकाचा शेवट काय होतो हे त्याला कित्येकदा माहीतही नसे. पुढे बोलपट आले आणि कंपनीला उतरती कळा लागली. शेवटचा खेळ लोणावळ्यात झाला. “बोलावणं पाठवतो,” असं सांगून मालक गाडीत बसले ते बसलेच. मेहबूबनं वर्षभर वाट पाहिली. त्या वर्षात बायको बिस्मिल्ला तापानं गेली. एकुलती लेक जैनब शिरगावात दिली. आणि हा रंगांची पेटी उशाशी घेऊन बाजारात राहिला, चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रंगवत.

बेचाळीसच्या मार्चमध्ये मुंबई जपानी बॉम्बच्या धास्तीनं ओस पडू लागली आणि एरवी मे महिन्यापर्यंत कुलूपबंद असणारे लोणावळ्याचे बंगले आठवड्यात भरून गेले. टेकडीच्या अंगाच्या एका बंगल्यात मात्र माणसं आली नाहीत. तिथं गोगलगाई राहायला आल्या.

त्या आणल्या मुक्ताबाईंनी. बाई मुंबईच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या, एकट्या, पदर खोचलेला आणि पायात खाऱ्या पाण्यानं पांढरे पडलेले कॅनव्हासचे बूट. समुद्रातल्या बिनशंखाच्या गोगलगाई हा त्यांचा विषय. पंधरा वर्षं ओहोटीला खडक पालथे घालून त्यांनी छत्तीस जाती जमवल्या होत्या, एकेक जात एकेका काचेच्या बरणीत, स्पिरिटात बुडवलेली. बंगला त्यांच्या मामांचा. राखणीला विश्वासू, एकटा आणि दारूला न शिवणारा माणूस हवा होता. बाजारानं मेहबूबचं नाव सांगितलं.

छत्तीस बरण्या पेंढ्यात बांधून खोक्यांतून आल्या. सदतिसावी बाईंच्या मांडीवर आली. तीत स्पिरिट नव्हतं, समुद्राचं पाणी होतं.

“आज पहाटेच्या ओहोटीला सापडली,” बाई म्हणाल्या. “निघायच्या दिवशीच. अशी मी आजवर पाहिली नव्हती. मेहबूबभाई, मी खोकी उघडते, तुम्ही हिच्यापाशी बसा. बरणीला ओलं फडकं गुंडाळा, पाणी तापता कामा नये. आणि ती काचेवरून चढून बाहेर येईल, तिकडे लक्ष ठेवा.”

मेहबूब बसला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो त्या बरणीसमोरून हलला नाही.

अंगठ्याच्या दोन पेरांएवढा तो जीव. अंग सायीसारखं पांढरं, कडेनं केशरी झालर, झालरीच्या आत जांभळे ठिपके. डोक्यावर दोन शिंगं. आणि पाठीवर, शेपटीकडच्या बाजूला, पिसांचं एक फूल. ते फूल हळूहळू उमलायचं, थरथरायचं. मेहबूबच्या हाताची सावली पडली की झटकन आत जायचं. खाली पाऊल म्हणावं तर सगळं अंगच पाऊल. काचेवरून ती सरकायची तेव्हा झालर अशी हलायची, की जरीकाठ सावरत एखादी राणी पायऱ्या चढते आहे.

“बाई, ते पाठीवरचं फूल कशाचं?”

“ते तिचे कल्ले. त्यांनी श्वास घेते.”

“आणि शिंगं?”

“वासाला. तिला दिसत जवळजवळ काहीच नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. खाणं कुठं आहे, जोडीदार कुठं आहे, सगळं त्या शिंगांनी हुंगते.”

मेहबूबला हे फार लागलं. “म्हणजे एवढा रंग ल्यायली आणि स्वतःला दिसत नाही?”

“तिच्यासाठी नाहीच तो. माशांसाठी आहे. ही खडकाला चिकटलेला स्पंज खाते. स्पंज विषारी असतो. ते विष ही पचवते आणि स्वतःच्या कातडीत, या झालरीपाशी साठवून ठेवते. मासा एकदा तोंड घालतो, पोळतो, आणि पुन्हा हा रंग दिसला की वाट बदलतो.”

“शंख असता तर एवढा खटाटोप लागला नसता.”

“लहानपणी असतो की. अंड्यातून निघते तेव्हा रव्याच्या कणापेक्षा बारीक असते, आणि पाठीवर तेवढाच शंख. पाण्याबरोबर वाहत हिंडते. बस्तान बसवायला खडक मिळाला की शंख टाकून देते.”

“नर आहे का मादी?”

“दोन्ही. प्रत्येकीत दोन्ही असतात. दोघी भेटल्या की पुढं दोघीही अंडी घालतात, फितीसारखी, गोल गुंडाळी करून. खडकावर कुणी गुलाब चिकटवलाय असं वाटतं.”

मेहबूब गालात हसला. “हे मला नवीन नाही, बाई. आमची राणी पहिल्या अंकाआधी दाढी करायची.”

बाई पेंढ्यात बसल्या बसल्या खळखळून हसल्या. मग मेहबूबनं विचारलं, “जगते किती?”

“वर्षभर. पुष्कळदा तेवढंही नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बरणीच्या पाण्यात चमचाभर पांढरं मीठ सोडलं. जुलाबाचं मीठ आहे हे ऐकून मेहबूबच्या भुवया चढल्या. “हिला गुंगी येते यानं,” बाई म्हणाल्या. “एकदम स्पिरिटात टाकली तर आखडून सुपारी होते. शिंगं आत, फूल आत. मग काही उरत नाही बघायला.” तासाभरानं ती हलेनाशी झाली. बाईंनी तिला चिमट्यानं अलगद उचललं आणि स्पिरिटात सोडलं. मेहबूबनं त्या वेळी मान फिरवली.

गाडीची वेळ झाली होती. बाईंनी उभ्या उभ्या वहीत एक ओळ खरडली, बरणीला आकडा डकवला आणि किल्ल्यांचा जुडगा मेहबूबच्या हाती दिला.

“तीन गोष्टी. स्पिरिट उडतं, ते जनावराच्या वर राहिलं पाहिजे. कमी झालं की पिंपातलं घाला. दुसरं, उन्हाचा कवडसा या खोलीत येऊ द्यायचा नाही. तिसरं, बंगला सोडून जायचं नाही. पावसाळ्याआधी मी येते आणि ताबा घेते. जशा दिल्या तशाच परत हव्यात मला, मेहबूबभाई. माझी पंधरा वर्षं आहेत यात.”

मेहबूबनं रंगांच्या पेटीवर हात ठेवला. त्याच्या लेखी यापेक्षा मोठी शपथ नव्हती. “जशा दिल्या तशा,” तो म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी जावई इनायत शिरगावाहून धावत आला. दार बंद पाहून त्यानं खिडकीवर थापा मारल्या. “अब्बा, मुलगा झाला. जैनब बरी आहे.” त्यानं खिडकीची दोन्ही तावदानं धाडकन उघडली, गजांतून हात बाहेर काढले आणि जावयाचं तोंड कुरवाळलं. इनायतनं बत्तासे दिले. बोलणं संपेना. बाळ कुणासारखं, रंग कसा, जावळ किती. अर्ध्या तासानं इनायत गेला आणि मेहबूब मागे वळला, तर उन्हाचा पट्टा थेट फळीवर पडलेला. शेवटच्या बरणीवर.

त्यानं खिडकी लावून घेतली. बरणी हातात धरून पाहिली. झालर फिकट वाटली. डोळ्यांचा भास असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सहाव्या दिवशी झालर हळदीच्या जुन्या डागासारखी झाली, जांभळे ठिपके विरले. आठव्या दिवशी बरणीत एक पांढरा, उकडल्यासारखा गोळा उरला. बाकीच्या छत्तीस बरण्यांतही तसेच पांढरे गोळे होते. पण ते तसेच आले होते. मुंबईत कुणी काय हयगय केली असेल ती त्यांची त्यांना माहीत. ही एक मात्र त्याच्या हाती रंगासकट आली होती.

नातू झाल्याच्या आनंदात आपण तिचा रंग घालवला, ही गाठ मेहबूबच्या मनाशी पक्की बसली.

पावसाळ्याआधी बाई आल्या नाहीत. पत्र आलं. कॉलेजच्या इमारतीत लष्कराचं ऑफिस आलं होतं, बाईंची बदली धारवाडला झाली होती आणि तिथं त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते. “तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे,” असं शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य मेहबूबनं चारदा वाचलं, आणि पत्र घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं, जिथं ते डोळ्यांसमोर येणार नाही.

दूध घालायला झुंबरबाई यायची. टेकडीखालच्या वाडीतली, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याची. खिडकीच्या गजांतून ती तांब्या आत सरकवायची.

“भाऊ, दार उगडा की. म्या काय तुमच्या गोगलगाई पदरात बांदून नेती?”

“बाईंचा हुकूम आहे, झुंबरबाई. आत कुणी नाही.”

“मंग तुमी तरी भायेर या. माजी म्हस बी सांजसकाळ सुटती. तुमास्नी कोन बांदलंय?”

एकदा तिच्या बोलण्याला भुलून तो जुम्म्याच्या नमाजाला बाजारात गेला. तासाभरात परतला तर मागच्या दाराची कडी उचकटलेली आणि रेल्वेचा गँगमन दत्तोबा बारा नंबरची बरणी पोटाशी धरून बसलेला. बंगल्यात पिंपभर दारू आहे ही बातमी गावभर झाली होती.

“ठेव ती खाली. त्यात मेलेली गोगलगाय आहे.”

“आसू द्या की, आबा. म्या फडक्यानं गाळून घेतो.”

“विष आहे ते. डोळे जातील.”

दत्तोबानं बरणी डोळ्यांशी धरली, आतला पांढरा गोळा पाहिला आणि सावकाश खाली ठेवली. “आबा,” तो उठता उठता म्हणाला, “हिच्यापरीस तुमचीच मला कीव येतीया. ही मेली तवा तरी सुटली.”

त्यानंतर मेहबूबनं मागचं दार आतून खिळे मारून बंद केलं आणि पुढचं सोडलं नाही. खिडक्यांना काळा कागद डकवला. बंगल्याच्या तीन खोल्या, पडवी, विहिरीपर्यंतची वीस पावलं. त्यापलीकडे त्याचं जग उरलं नाही. पावसाळ्यात चार चार महिने ढग टेकडीवरून उतरून व्हरांड्यात येऊन बसायचे आणि आत दिवसाही कंदील लागायचा. छतातून पाणी ठिबकायचं. स्पिरिटाचा वास कपड्यांत, भाकरीत, झोपेत शिरला होता. रोज सकाळी तो एकेक बरणी पुसायचा, पातळी बघायचा, झाकणाला मेण लावायचा. सदतिसावी शेवटी. ती पुसताना तो डोळे मिटायचा. मिटल्या डोळ्यांपुढे ती जशीच्या तशी यायची, केशरी झालर हलवत. एकेक ठिपका त्याला पाठ झाला.

जैनब एकदा येऊन गेली. पोर वर्षाचं झालं होतं. ती व्हरांड्यात बसली, हा उंबऱ्याच्या आत. पोराला त्यानं मांडीवर घेतलं, पण कान सगळे मागच्या दाराकडे.

“अब्बा, यांना आता देहूला लष्कराच्या डेपोत काम लागलंय. पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाहीत. सासूबाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालंय. शेत, म्हैस, हे पोर. मी एकटी कुठं कुठं पुरू? गोठ्याशेजारची खोली सारवून ठेवलीय तुमच्यासाठी. तुम्ही चला.”

“बाई येऊन ताबा घेऊ देत. दुसऱ्या दिवशी येतो.”

“बाईंना पत्र टाका. दुसरा माणूस बघा म्हणावं.”

“टाकतो,” तो म्हणाला.

तो रोज मनात ते पत्र लिहायचा. तीनदा त्यानं खरोखर कागद घेतला. पण पत्र गेलं की बाई येणार, बाई आल्या की सदतिसावी बरणी हातात घेणार. पुढचं त्याला दिसत नसे. तीस वर्षांत त्यानं हातचा रंग कधी उतरू दिला नव्हता. भर घामात पाचव्या अंकापर्यंत राजा राजाच राहायचा. त्यानं तिन्ही कागद फाडले. बाई याव्यात म्हणून तो दर नमाजाला दुआ मागे, आणि पोस्टमनची सायकल वाजली की खिडकीपासून मागं सरे.

जैनबची पत्रं आखूड होत गेली. पहिल्यांदा ‘अब्बा, कधी येता?’ असायचं. मग ‘येता का?’ झालं. मग नुसती खुशाली यायची.

चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात धारवाडचं कार्ड आलं. बाईंचे वडील वारले होते, कॉलेज पुन्हा सुरू होत होतं. ‘रविवारी सकाळच्या गाडीनं येते. ताबा घेईन. तुम्ही मोकळे.’

तो बुधवार होता. मेहबूबनं कार्ड खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं दोन वर्षांहून अधिक काळ न उघडलेली रंगांची पेटी उघडली.

विचार साधा होता. तिचा रंग गेला. रंग देणं तर आपला धंदा. केशरी जमणार होतं. पेटीत हिंगूळ होता, पिवडी होती. अडलं जांभळ्यावर. नीळ आणि आळता मिसळून पाहिला, पण तो मळकट आला. स्पिरिट रंग खातं हे त्याला ठाऊक होतं. नटांच्या मिशांचा गोंद त्यानं जन्मभर स्पिरिटानंच सोडवला होता. म्हणजे न जाणारा रंग हवा. झुंबरबाई दूध घेऊन आली तेव्हा त्यानं विचारलं, “ते स्टेशनात पार्सलवर जांभळं लिहितात, ते कशानं?”

“ती जिभंला लावून लिवायची पेन्सील व्हय? पार्सल हापिसातला भिमाजी वापरतो की. सा म्हैनं पावसात पार्सल भिजलं तरी नाव जात न्हाई, म्हनतो.”

“त्याच्याकडून एक तुकडा आणाल?”

“आनते. पर भाऊ, पत्तर लिवनार आसाल तर लेकीला लिवा. गोगलगाईस्नी वाचता येत न्हाई.”

शनिवारी दुपारी त्यानं दारं-खिडक्या लावल्या, कंदील पेटवला आणि सदतिसावी बरणी उघडली. खारीच्या शेपटीचे चार केस बांधून कुंचली केली होती. गोगलगाय बशीत घेतली. अंग गार, रबरासारखं. झालर आधी उठवली: हिंगूळ, पिवडी, पुन्हा हिंगूळ. मग पेन्सिलीचं टोक ओलं करून ठिपके. डावीकडे अकरा, उजवीकडे नऊ; शेपटीजवळचे दोन एकमेकांत मिसळलेले. शिंगं तळाशी पांढरी, वर जांभळी, टोकाला पुन्हा पांढरी. तासाभरानं तो मागं सरला, डोळे बारीक केले, विंगेतून बघायचा तसं बघितलं. राणी तयार होती.

त्यानं तिला स्पिरिटात सोडलं. रंग टिकला. त्यानं अल्लाचा शुक्र मानला आणि नमाजाला उभा राहिला.

नमाज आटोपून आला तर प्रत्येक ठिपक्यातून धुरासारखा एक जांभळा दोरा खाली उतरत होता. दोरे जाड झाले, एकमेकांत शिरले. त्यानं बरणी उचलली, हलवली आणि होतं नव्हतं तेही गेलं. सगळी बरणी जांभळी झाली. आत ती दिसेना. तळाशी हिंगूळ गाळासारखा बसला. भिमाजीच्या पेन्सिलीला पाण्यापुढं तोड नसेल. स्पिरिटापुढं तिनं घटकाभरात हात टेकले.

मेहबूब त्या बरणीसमोर बसून राहिला. पुन्हा रंगवायचं त्याच्या मनात आलं नाही.

रविवारी बाई आल्या. केस पांढरे झाले होते, बूट तेच होते. मेहबूबनं दार उघडलं, सलाम केला आणि बाजूला झाला. बाई फळीपाशी गेल्या. एक नंबर, दोन नंबर. प्रत्येक बरणी उजेडाकडे धरून बघत होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा सैल होत होता. “एकही सुकली नाही,” त्या म्हणाल्या. “कॉलेजच्या संग्रहातल्या मुंबईत राहिल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या, मेहबूबभाई. नुसतं चामडं झालं त्यांचं.” छत्तीस झाल्या. मग त्या थांबल्या.

“हे काय?”

मेहबूब खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. हात पुढे बांधले. त्यानं सगळं सांगितलं. इनायतच्या थापा, बत्तासे, अर्ध्या तासाची खिडकी, उन्हाचा पट्टा, आठवा दिवस. फाडलेले तीन कागद. काल दुपारची पेन्सिल. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. “जशी दिली तशी नाही देऊ शकलो,” तो शेवटी म्हणाला. “काय म्हणाल ते कबूल.”

बाई रिकाम्या खोक्यावर बसल्या.

“मेहबूबभाई, रंग उन्हानं गेला नाही.”

मेहबूबला कळलं नाही.

“ऊन नको म्हटलं ते स्पिरिट तापून उडू नये म्हणून. रंग तर स्पिरिटात जातोच. प्रत्येकीचा. आठ-दहा दिवसांत. या सगळ्या छत्तीस, यांतली एक किरमिजी होती, एक निळी होती, एक लिंबासारखी पिवळी. म्हणून तर त्या जिवंत असताना मी वहीत चित्रं काढून ठेवते. तुम्ही अंधारात ठेवली असतीत, तरी ती पांढरीच झाली असती.”

बाहेर घाटातून वर आलेल्या गाडीची शिटी वाजली.

“हे एक वाक्य होतं, बाई,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बाईंनी मान खाली घातली. “तेवढं एक वाक्य. त्या दिवशी सांगितलं असतंत, तर माझ्या लेकीच्या घरी मी दोन वर्षांपूर्वी असतो.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मला इतकं ते रोजचं आहे, की सांगायला हवं हे मनातच आलं नाही. चूक माझी आहे.”

मेहबूब आत गेला, चहा करून घेऊन आला. चहा पिताना बाईंनी पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि त्याच्यापुढं धरलं. तिथं एकच ओळ होती, घाईघाईनं खरडलेली: ‘पांढरी, कड केशरी, आत जांभळे ठिपके.’

“हिचं चित्र नाही माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी मी खोकी उघडत होते, सकाळी गाडी गाठायची होती. म्हटलं पुन्हा ओहोटीला जाईन, सापडेल. परवाही जाऊन आले. नाही सापडली. ठिपके किती, शिंगांचा रंग काय, कल्ल्यांच्या कडा कशा, मला काही आठवत नाही. आठवणीचा भरवसा नसतो, हे मी पोरांना शिकवते. पण तुम्ही चार तास तिच्यापाशी बसला होतात.”

मेहबूबनं कप खाली ठेवला.

“कागद कोरा आहे?” त्यानं विचारलं.

दुपारी जेवणसुद्धा न घेता तो बसला. बाईंनी समोरच्या खिडकीचा काळा कागद स्वतः फाडला आणि टेबल उजेडात ओढलं. पेटीतले रंग पुन्हा बाहेर आले; जांभळ्याला तीच पेन्सिल. बाई मधूनमधून विचारत होत्या, आणि तो न थांबता सांगत होता.

“ठिपके दोन्ही बाजूंना सारखे?”

“नाही. डावीकडे अकरा, उजवीकडे नऊ. हे दोन एकात एक गेलेले.”

“कल्ले?”

“सात पिसं. प्रत्येकाच्या कडेला केशरी रेघ, केसाएवढी. सावली पडली की आधी पुढची तीन आत जायची, मग मागची चार.”

बाईंनी लिहायचं थांबवून वर पाहिलं, आणि मग ते वाक्यही लिहून घेतलं.

चित्र वाळल्यावर बाईंनी खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘जिवंत प्राणी पाहून मेहबूब यांनी काढलेलं.’ मेहबूबनं वाचलं आणि मान हलवली.

“पाहून नाही, बाई. पाहून पावणेतीन वर्षं झाली. आठवून.”

“बरोबर,” म्हणून बाईंनी शब्द खोडला आणि वर ‘आठवून’ लिहिलं.

संध्याकाळच्या पुण्याच्या लोकलला अजून वेळ होता. मेहबूबनं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पेटी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरला. फाटकाशी पोचल्यावर तो मागं फिरला. कडी घातली की नाही ते बघायला. मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी जुडगा हातात धरून त्याला दाखवला. तो शरमला आणि चालू लागला. वाटेत झुंबरबाई म्हैस हाकत येत होती. ती रस्त्याच्या मधोमध थबकली.

“आगं बया. भाऊ, सुटलासा?”

“सुटलो.”

“मंग उद्याच्याला दूद कुनाला घालू?”

“बाईंना घाला. त्या चार दिवस आहेत. आणि भिमाजीला सांगा, पेन्सील उत्तम आहे, कागदावर.”

तळेगावला उतरून तो चालत शिरगावात पोचला तेव्हा चुली पेटल्या होत्या. जैनबनं दारातून पाहिलं आणि हातातलं पीठ तसंच राहिलं. रागवायचं तिनं कैक महिने ठरवून ठेवलं होतं. पण बापाच्या अंगाला येणारा तो स्पिरिटाचा वास आला आणि ती नुसतीच “आत या, अब्बा,” म्हणाली. पोर आजोबाच्या जांभळ्या बोटांकडे बघत राहिलं. मग त्यानं एक बोट धरून पाहिलं, रंग आपल्याला लागतो का ते बघितलं. लागत नव्हता.

गोठ्याशेजारची खोली खरंच सारवलेली होती. मेहबूबनं पेटी कोनाड्यात ठेवली, चटई अंथरली आणि सवयीनं दार लोटून कडी घातली. मग तो बसला. बाहेरून जैनबची हाक आली.

“अब्बा, दार कशाला लावलंत? पोर येतंय तुमच्याकडे.”

त्याला कळेपर्यंत क्षणभर गेला. दाराच्या खालच्या बाजूला छोट्या मुठीच्या थापा पडत होत्या. मेहबूब उठला आणि त्यानं कडी काढली.